वरच्या मजल्यावरचे दिवे

चि. धाकटीस आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. आईच्या गोळ्या वेळेवर देतेस ना?

विद्यापीठाने दोन विभाग दुसऱ्या शहरात हलवले, म्हणून माझ्या वसतिगृहाचा वरचा मजला रिकामा आहे. समोरचा शिंपी दुकान बंद करून गेला. चहावाला रोज विचारतो, "रेक्टरबाई, पोरी येणार ना? नाहीतर मीही गाशा गुंडाळतो." मी दटावते, "आधी कपबशा नीट विसळ."

दिवे जळते ठेवले की पोरींना फैलावर घेणारी मी, आता रोज संध्याकाळी रिकाम्या खोल्यांतले दिवे लावते. त्याला धीर यावा, एवढंच.

पोरी आल्या असं समजून आज त्याने नवं बाक आणलं. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. आईला यातलं काही सांगू नकोस.

तुझी ताई