ओदिलिया आत्याचे नऊ दिवस

सालकाहा,
४ नोव्हेंबर १९९६

प्रिय डेल्मी,

प्रभूची कृपा तुझ्यावर, तुझ्या नवऱ्यावर आणि दोन्ही लेकरांवर असो. आम्ही इकडे ठीक. तुझ्या माद्रिनाचे, माझ्या बायकोचे, गुडघे थंडीने धरलेत, जीभ मात्र शाबूत आहे. कारखान्यात काम भरपूर. डिसेंबरच्या जत्रा आल्या की प्रत्येक मालकाला आपली बस नवरीसारखी नटवून हवी असते. परवा एकाने मागच्या बाजूला गरुड काढून घेतला आणि वर म्हणतो, ही तर कोंबडी दिसते. मी म्हटलं, तुमच्या बसच्या वेगाला हीच शोभेल. माणूस हसला आणि कोंबडी घेऊन गेला.

तुझं पत्र पोचलं. बाबांनी तुमच्यासोबत जी प्रार्थना केली, तिचे शब्द आठवतील तसे लिहून पाठवा, तुमच्या मंडळीत वाचून दाखवायचे आहेत, असं तू लिहिलंस. पत्र येऊन बारा दिवस झाले. या बारा दिवसांत मी चार बस, एक दवाखान्याची पाटी आणि एका खाटकाचा बैल रंगवला. तुझा कागद तसाच कोरा राहिला.

आधी थोडं मागचं सांगतो. तू लहान होतीस, तुला ठाऊक नसेल. मी या गावात आलो तेव्हा माझ्याकडे दोन ब्रश होते आणि झोपायला जागा नव्हती. मी तुझ्या बापाच्या, तेओदोरोच्या बसमध्ये झोपायचो, पहाटे तिच्यातूनच हाकलला जायचो. तेव्हा मी किती प्यायचो हे सगळ्या गावाला माहीत होतं, पण तुझ्या बापाला जास्त, कारण उचलून आणायचं काम त्याचं होतं. एकदा माझी उलटी त्याने स्वतःच्या शर्टाने पुसली आणि म्हणाला, "कोंपाद्रे, हा शर्ट आता तूच घाल, तुझाच वास येतोय." तुझ्या बाप्तिस्म्याला तुझा पाद्रिनो, धर्मपिता म्हणून तुला हातात घेऊन उभा होतो, ज्या नात्याने तो मला कोंपाद्रे म्हणायचा, तेव्हाही मी पूर्ण शुद्धीत नव्हतो. ते आजवर तुला कुणी सांगितलं नसेल, तर त्याचं कारण तेओदोरो.

शहात्तरच्या भूकंपाच्या वर्षी मी प्रभूकडे आलो आणि पिणं सुटलं. मंडळीतले भाऊ म्हणाले, आता सगळ्यांना साक्ष दे. मी द्यायचो, पण ब्रशने. या डोंगरांतल्या निम्म्या बसच्या कपाळावर जी वचनं आहेत ती माझ्या हातची. तोंडाने एक अक्षर नाही. अनोळखी माणसाला एखादवेळी बोललो असतो. पण ज्याने मला गटारातून काढलं, त्याला मी काय तारणाच्या गोष्टी सांगणार? तो हसेल, ही माझी भीती. तो फार छान हसायचा, डेल्मी. त्या हसण्यापुढे मला पुन्हा गटारात बसल्यासारखं वाटलं असतं.

मग फेब्रुवारीत डॉक्टरांनी त्याचं यकृत गेल्याचं सांगितलं आणि तुझं पत्र आलं. त्यात होतं, बाबा माझ्याशी फोनवर विषय बदलतात, पाद्रिनो, तुम्हीच त्यांना येशूबद्दल सांगा, तुमचं ते ऐकतील. मी कळवलं, सांगतो.

दर गुरुवारी मी त्याच्याकडे जायचो, गोड पाव घेऊन. घरापासून त्याच्या दारापर्यंत मनात वाक्यं जुळवायचो. दारात तो विचारायचा, कुणाची बस केलीस? की मी बसबद्दल बोलायला लागायचो. असे अकरा गुरुवार गेले. जूनमध्ये तुझं दुसरं पत्र आलं, बोललात का? मी लिहिलं, बोललो.

बोललो नव्हतो.

पुढच्या गुरुवारी खरंच बोलायचं आणि लिहिलेलं खरं करून टाकायचं, असा माझा हिशोब होता. तुझं उत्तर आलं की तुमच्या मंडळीत सगळे उभे राहून रडले, आता बाबांनी प्रभूला स्वीकारलं का तेवढं कळवा. ऑगस्टमध्ये मी लिहिलं की त्याने डोळे मिटले, माझ्या मागोमाग शब्द म्हटले आणि शेवटी आमेन म्हणाला. मी रंगारी आहे. अक्षराला सावली दिली की ते उठून दिसतं, हे मला कळतं. ते डोळे मिटणं ही मी दिलेली सावली होती.

शेवटच्या गुरुवारी, ३ ऑक्टोबरला, त्याने स्वतःच विषय काढला. उशीला टेकून म्हणाला, "कोंपाद्रे, एवढी वचनं रंगवतोस. तुला ती खरी वाटतात का रे?"

त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. माझे कान तिखट आहेत, गिऱ्हाईक पैसे बुडवणार हे मला त्याच्या नमस्कारावरून कळतं. मला तेव्हाच कळलं होतं की हा मनापासून विचारतोय. आणि मी म्हणालो, "गिऱ्हाईक सांगेल ते रंगवतो. परवा एकाने बायकोचं नाव टाकून घेतलं, खाली 'माझी एकुलती'. ते तरी कुठे खरं होतं."

तो हसला. हसता हसता खोकला आला. मग भिंतीकडे तोंड करून झोपला. मी पाव टेबलावर ठेवून निघालो. बुधवारी तो गेला.

पुढचं तुला एका बाजूने ठाऊक आहे. तू टेलिफोन ऑफिसात फोन करून तुझ्या भावाला, विल्मेरला सांगितलंस की बाबा आता आपल्या मंडळीतले होते, कॅथलिक राहिले नव्हते, मेणबत्त्या नकोत, जपमाळ नको, नऊ दिवसांची प्रार्थना नको, पास्टरना बोलवा. तुला परदेशातून कागदपत्रांअभावी येता येत नव्हतं, निदान एवढं तरी बापासाठी नीट व्हावं, असं तुला वाटलं. तुझं चुकलं नाही. विल्मेरला यातलं काहीच कळत नाही, त्याने बहिणीचं ऐकलं.

ओदिलिया आत्या प्रार्थना म्हणणाऱ्या बाईला घेऊन दारात आली. हातात मेणबत्त्यांचं पुडकं. ज्या भावाला तिने आईमागे वाढवलं, त्याला तिला रीतीप्रमाणे निरोप द्यायचा होता. विल्मेर म्हणाला, "आत्या, इथे नाही. बाबा बदलले होते." ती म्हणाली, तो बदलला असता तर मला कळलं असतं, त्याची चड्डीसुद्धा मी धुतलीय. लोक हसले. मग पास्टर माझ्याकडे वळले, सगळ्यांसमोर. "भाऊ एलिसेओ, तुम्ही होता ना तिथे? साक्ष द्या."

मी म्हणालो, "होय. मी होतो."

वीस वर्षांत लोकांपुढे तोंडाने दिलेली माझी ही एकच साक्ष. आत्याने पुडकं शालीआड धरलं आणि वळली.

तिने नऊ दिवस मोडले नाहीत. समोरच्या फुटपाथवर घरून खुर्ची आणून रोज दुपारी चारला बसायची, सोबत तीन म्हाताऱ्या. पाऊस आला की प्लॅस्टिकचा कागद डोक्यावर धरायच्या. आतून आमची मंडळी त्यांचा आवाज झाकायला जोरात गाणी म्हणत होती. तिसऱ्या दिवसापासून मी कारखान्यातून घरी जायला मागचा रस्ता धरला.

शुक्रवारी, सर्व संतांच्या दिवशी, मी कब्रस्तानात गेलो. आपले लोक त्या दिवशी तिकडे जात नाहीत, आणि मला फाटकातच आपल्या मंडळीतल्या दोन बहिणींनी पाहिलं. पाहू दे म्हटलं. आत्या भावाच्या कबरीवर झेंडूच्या पाकळ्या पसरत होती. मला बघून थोडी सरकली, बसायला जागा केली. मी तिला सगळं सांगितलं, जून, ऑगस्ट, तो गुरुवार, दारातलं ते होय. ती पाकळ्या पसरतच राहिली.

मग तिने विचारलं, "सांगायचं काय होतं तुला त्याला?"

आणि मी सांगितलं, डेल्मी. जीभ अडखळत होती. म्हणालो, आत्या, मी त्याच्या बसखाली, स्वतःच्या घाणीत पडलेलो असताना एका सकाळी मला पक्कं कळलं की येशू माझ्यावर रागावलेला नाही. सगळं जग रागावलं होतं, तो नव्हता. मला वर्षानुवर्षं तेओदोरोला एवढंच सांगायचं होतं की तो तुझ्यावरही रागावलेला नाही.

ती म्हणाली, "एवढंच?"

मी म्हटलं, एवढंच.

"मग सांगायचं होतंस की रे. तो मला त्या शेवटच्या गुरुवाराआधी तेच विचारत होता, देव माझ्यावर रागावलाय का म्हणून. मी म्हटलं, फादरना बोलावते. तर म्हणाला, राहू दे, गुरुवारी एलिसेओ येईल, त्याला विचारतो. त्याला या गोष्टी कळतात."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या हातात थोड्या पाकळ्या दिल्या आणि म्हणाली, पायाकडे कमी पडल्यात, तिकडे टाक.

मी पास्टरना काल सांगितलं. येत्या रविवारी मंडळीपुढे उभा राहून सांगणार आहे. आता भीती वाटत नाही. पण भीतीला जायला एवढा उशीर झाला की तिच्या जाण्याचा तेओदोरोला काही उपयोग नाही. येशू रागावलेला नाही, हे वाक्य मी अजून खरं मानतो. स्वतःपुरतं मात्र मला ते म्हणता येत नाही.

तुझ्या बाबांनी आमेन म्हटलं नाही. भिंतीकडे वळल्यावर ते मनात काय म्हणाले, मला माहीत नाही, आणि मी पुन्हा काही रचून लिहिणार नाही. तुमच्या मंडळीत वाचायचंच असेल तर हे पत्र वाच, माझ्या नावासकट.

एक मागणं आहे, माझ्यासाठी नाही. पुढच्या ऑक्टोबरात वर्ष भरेल. आत्या अठ्ठ्याहत्तरची आहे. त्या दिवशी तिला भावाच्या घरात, आत, छपराखाली बसून तिची जपमाळ म्हणू दे. विल्मेर फक्त तुझं ऐकतो. त्याला फोन कर.

दर पत्राखाली मी 'तुझा पाद्रिनो' लिहितो. आज ती जागा मोकळी सोडतोय. काय लिहायचं ते तू ठरव.

एलिसेओ चोखोलान