भुऱ्या कोणालाच चावत नाही

१२ फेब्रुवारी, गुरुवार

चावला! भुऱ्याच चावला — ज्याला मी रोज संध्याकाळी फाटकाशी पोळी घालते, तो. पोळी खाली पडण्याआधीच मनगटाजवळ दात रुतवले आणि गुरगुरत गाडीखाली जाऊन बसला. मी ओरडलेसुद्धा नाही. मला ओरडता कुठे येते!

सुभद्राआत्याने हात धुऊ दिला नाही. "पाणी नको लावू वं, इख पसरते." बिब्बा शोधावा लागला नाही, गॅसजवळच्या डबीतच होता, टोकाला आधीच जळलेला. सुईला टोचून ज्योतीवर धरला आणि त्याचे उकळते काळे तेल जखमेवर टेकवले. त्या भाजण्याखाली दातांच्या खुणा नाहीशा झाल्या. "उतरते सारं. पाह्यलं आहे मी."

बाबा एवढेच म्हणाले, "बाहेर बोलायचं नाही. दहा दिवस भुऱ्यावर नजर ठेवू. त्याले काही झालं नाही, तं तुलेही होत नाही."

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बाहेर का बोलायचे नाही, ते मला ठाऊक आहे. गेल्या रविवारी कॉलनीच्या सभेत शेजारच्या प्रेमिलाकाकूंनी मागणी केली, की आमच्या बेसा वस्तीतली ही मोकाट कुत्री पकडून न्यावीत. बाबा उठले. "भुऱ्या आजवर कोणाले चावला? एक माणूस दाखवा ना!" टाळ्या पडल्या. मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता! आता तो एक माणूस मी आहे, आणि मला दाखवायचे नाही.

दुपारी वाचनालयात बसून वाचले. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवावी. भाजू नये. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे ते लस सुरू करून, लशीऐवजी नव्हे! आजार एकदा उमटला, की उपाय नाही.

जेवताना हळू आवाजात हे सांगितले.

"बुकं वाचून आमाले शिकवून राहिली का? पोटात चौदा सुया घेशीन?"

"आता पोटात देत नाहीत, बाबा. दंडात देतात."

"दंडात देवो का कुठी," आत्या म्हणाली, "बातमी तं फुटन ना!"

निदान आत्या खरे बोलली. आई तव्याकडे पाहत राहिली. पोळी करपली तरी पाहतच होती.

मोरीत जाऊन हात साबणाने धुतला. एक दिवस उशिरा. रडले नाही, संतापाने रडूही येईना.

१४ फेब्रुवारी

दहावीला शाळेत पहिली आले, तेव्हा बाबांनी माझी गुणपत्रिका घरोघर नेऊन दाखवली. हात मात्र लपवायचा.

१५ फेब्रुवारी, रविवार

प्रेमिलाकाकूंनी फाटकाशी गाठलेच. "हाताले काय झालं वं?"

"तवा लागला."

खोटे बोलले मी! मागे बाबा उभे होते. माझ्याकडे पाहून हसले — शाबासकी दिल्यासारखे. त्या हसण्याची मला किळस आली. त्याहून अधिक माझ्या त्या दोन शब्दांची.

भुऱ्याने आज पोळी हुंगलीही नाही. तोंडातून लाळ गळते आहे. बाबा म्हणे, "ऊन वाढलं!" फेब्रुवारीत!

उद्या जाणार. विचारणार नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सरकारी दवाखाना. रांग दारापर्यंत. डॉक्टरांनी मनगट उलटसुलट करून पाहिले. "हे तर भाजलेलं आहे. चावा कुठे आहे?"

नेहमीप्रमाणे माझा आवाज गेला. मागची बाई कडाडली, "अवं बोल ना वं पोरी! मांगं आमी बी उभे आहो!"

आणि मी बोलले. "डॉक्टर, हे भाजलेलं नाही. हा चावा आहे. त्यावर बिब्बा लावला आहे." साऱ्या खोलीला ऐकू गेले.

"शिकलेली आहेस ना?" ते म्हणाले. दंडात लस दिली, जखमेभोवतीही सुया टोचल्या. दुखले. खूप दुखले.

घरी बाबा पायरीवरच बसले होते. "गेलीच शेवटी! आता चार लोकांत माह्यं तोंड काय राहिलं?"

"तुमच्या तोंडासाठी मी मरायचं का, बाबा?"

आयुष्यात प्रथमच त्यांच्याशी अशी बोलले. आत्याने पदर तोंडाला लावला. मला वाटले, आता हात उगारतील. पण ते खालमानेने म्हणाले, "लय दुखते का, ती सुई?"

रागावलेल्या माणसाने हे कशाला विचारावे!

१७ फेब्रुवारी

सकाळी भुऱ्या फाटकाशी मरून पडलेला दिसला. बाबांनी पायजमा वर केला. पोटरीवर बिब्ब्याचा काळा डाग — माझ्या डागाहून जुना. "सभेच्या आदल्या दिवशी चावला," म्हणाले. दवाखान्याच्या रांगेत त्यांचा हात माझ्या हातात होता. डॉक्टरांपुढे त्यांनी पुन्हा पायजमा वर केला. मीच सांगितले, "डॉक्टर, हेही भाजलेलं नाही."