गुडघ्याचा रिपोर्ट

नारायणगाव,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

प्रिय अक्षदा,

अनेक आशीर्वाद. चाकणला थंडी कशी आहे? कंपनीची बस वेळेवर येते का? इकडे द्राक्षांवर फवारण्या चालू आहेत, कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टापर्यंत वास येतो. सकाळपासून तिसऱ्यांदा हे पत्र लिहायला बसले आहे. मध्येच उठून भांडी घासली, अंगण झाडलं, परत बसले.

आधी बातमी सांगते. आपण हरलो. सलग सहा वर्षं जिंकलेली विद्यापीठाची फायनल चार गुणांनी गेली. रिद्धी बाकावर बसून होती. मांगीलाल शेठची नात, तू गेल्यावर संघात आली. तुझ्यासारखीच डावीकडून घुसते. तिचा गुडघा सुजला तेव्हा रिपोर्ट काढून मी तो तिच्याच हातात दिला. म्हणाली, "मॅडम, खेळू का?" म्हटलं, "नाही."

हरल्यावर प्राचार्य माझ्यावर चिडले. "शेवटची पाच मिनिटं तरी उतरवायचं! अक्षदा नव्हती का खेळली?"

तेव्हापासून स्वस्थ बसवत नाही.

दोन वर्षांपूर्वी, फायनलच्या आदल्या दिवशी, तुझा रिपोर्ट माझ्याकडे होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, लिगामेंट अर्धं फाटलंय, खेळली तर पूर्ण जाईल. तू विचारलंस आणि मी म्हणाले, "साधी सूज आहे, पट्टी घट्ट बांध." तिसऱ्या क्वार्टरला तू पडलीस. आपण जिंकलो. नंतर प्राचार्यांना मी सांगितलं, की दुखणं तू माझ्यापासून लपवलंस. तू तिथेच कुबडी घेऊन उभी होतीस. तुझी पोलीस भरती हुकली. मला उत्कृष्ट प्रशिक्षकाचा पुरस्कार मिळाला.

परवा प्राचार्यांना हे सगळं लिहून दिलं आणि संघ सोडला. काल खोडदला तुझ्या घरी गेले. सुभाषभाऊ कांद्याला पाणी देत होते. मी बांधावर उभ्यानेच सांगितलं. त्यांनी मोटर बंद केली.

"म्हंजी माजी पोरगी खरं सांगत व्हती?"

"हो, भाऊ."

"आन मी तिला म्हनलो, मॅडमवर आळ घेती. लई बोललो तिला. तवापासनं ती घरी आली न्हाई."

वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "तुमी जावा आता."

मी फाट्यावर जीपची वाट बघत होते, तर ते मागून चालत आले. चिखलाचे पाय तसेच. "तिला तुमीच लिवा मॅडम. माजा फोन ती उचलंना."

म्हणून लिहिते आहे. मला माफ कर असं म्हणणार नाही, तेवढं तोंड मला नाही. पण भाऊंचा फोन उचल, बाळा. त्यांनी तुझ्यावर नाही, माझ्यावर विश्वास ठेवला, एवढीच त्यांची चूक.

तुला खोटं पाडणारी,
आरती डुंबरे