सतरा भोकांचा बंदोबस्त

३ मार्च
मोटरहोम अखेर दारात उभी राहिली. सव्वीस वर्षांची आहे, पण इंजिन ठणठणीत, असे विकणारा मिशाळ म्हणाला. दोनदा म्हणाला. ठणठणीत गोष्टीबद्दल माणूस दोनदा कशाला बोलेल? काहीतरी दडवले आहे.

धाकटीच्या डोळ्याचे ऑपरेशन २४ तारखेला, सकाळी अकराला. फोनवर म्हणाली, "ताई, आत नेतील तेव्हा तुझा हात हवा." जाणारच. मात्र तिच्या घरात उतरणार नाही. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या बाथरूमची कडी मी दुरुस्त केली आणि आतच अडकले. मेहुण्यांनी दार तोडून मला बाहेर काढले आणि हसले. कडी कुणीतरी आधीच ढिली करून ठेवली होती, हे मी आजही म्हणते. तेव्हा आता स्वतःचे घर घेऊन जायचे आणि त्यांच्या अंगणात उभे करायचे.

मेकॅनिक नको. एकवीस दिवस आहेत आणि फिजिक्सची पदवी आहे.

५ मार्च
गाडीची तपासणी. सतरा भोके सापडली. खिडक्यांच्या चौकटींत तळाशी, गॅस सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला, फ्रिजमागच्या भिंतीत, पाण्याच्या टाकीवर. डिझेलच्या झाकणालासुद्धा एक, सुईएवढे. गाडीची चाळणी करून ठेवायची आणि वर ठणठणीत म्हणायचे!

ह्यांना दाखवले. शब्दकोड्यातून मान वर न काढता हे म्हणाले, सगळी इतकी गोल कशी? उत्तर देण्याच्या लायकीचा प्रश्न नाही.

८ मार्च
सीलंटच्या चार नळ्या संपल्या, पाचवी अर्धी. सतराच्या सतरा बंद. हे म्हणाले, एखादे कशासाठी तरी असेल. मी म्हटले, आहे ना, चोरासाठी, उंदरासाठी आणि पावसासाठी.

पाठ धरली आहे. पण समाधान.

११ मार्च, सकाळी ७
पाऊस झाला. गाद्या ओल्या. खिडकीची चौकट पन्हळीसारखी काठोकाठ भरून पाणी आत सांडलेले. सतरा भोके बंद असताना पाणी येते, याचा अर्थ ते कुणीतरी आणले. समोरचा निवृत्त कंडक्टर पाइपने बाग भिजवतो आणि पाइप सारखा आमच्या बाजूला वळवतो. जाऊन विचारले. म्हणाला, बाई, आभाळातूनच पडत होतं की. चेहऱ्यावरची माशी हलली नाही. सराईत माणूस.

१४ मार्च
पाण्याचा पंप. नळाला दोन मिनिटे पाणी, मग घरघर, मग काही नाही. टाकीचे प्लॅस्टिक आत ओढले गेले आहे, उपाशी माणसाच्या पोटासारखे. हलका माल. पंप तीनदा खोलला, तीनदा जोडला. तिसऱ्या वेळी एक वॉशर उरला. कंपनीने जास्तीचा दिला असावा.

हे विचारतात, टाकीला हवा कुठून मिळते? मी म्हटले, टाकीला पाणी लागते, हवा माणसाला लागते.

ठराव: दुरुस्तीच्या वेळी ह्यांना घरात बसवायचे.

१८ मार्च
गॅस फिटर आला. त्याच्या सहीशिवाय सर्टिफिकेट मिळत नाही. ही व्यवस्थाच मुळात संशयास्पद. कप्प्यात डोके घालून बराच वेळ तसाच राहिला. मग विचारले, हे कुणी बुजवलं? मी सांगितले, मीच. त्याचे म्हणणे, गॅस हवेपेक्षा जड. गळला तर खाली बसतो आणि तळाच्या भोकातून बाहेर जातो, म्हणून ते भोक कारखान्यातच पाडलेले असते. फ्रिजमागच्या भोकांचेही तेच पुराण.

सर्टिफिकेट दिले नाही. सिलिंडर स्वतः उचलून बाहेर नेऊन ठेवला आणि ह्यांना म्हणाला, "काका, या गाडीत काडी ओढू नका." ह्यांनाच का सांगितले? मी समोर उभी होते.

सरळ आहे. आधी घाबरवायचे, मग भोके उघडायचे काम घ्यायचे. तीस वर्षे ऑफिस सांभाळले आहे, असले खूप पाहिले. सिलिंडरशिवाय जाऊ. थर्मास आहे.

२१ मार्च
चाचणी. वीस मिनिटे झकास. पुलावर इंजिन बंद. कुणी डिझेल काढले की काय म्हणून टाकीचे झाकण उघडले, तर हुस्स असा आवाज. डिझेल भरपूर. किल्ली फिरवली, गाडी सुरू. घरी येताना पुन्हा तसेच, पुन्हा तोच उपाय.

निष्कर्ष: आपल्यावर नजर आहे हे कळले की गाडी काम करते. आमच्या ऑफिसातला स्टाफही असाच होता.

हे म्हणाले, बसची दोन तिकिटे काढून ठेवू का? मी तीन तास बोलले नाही.

२४ मार्च, सकाळी ७.१०
पाचला निघालो. दोनशे किलोमीटर म्हणजे चार तास. झाकण चार वेळा उघडावे लागले. थोडा उशीर, फार नाही. धाकटीचा फोन आला. काल तिला झोप लागली नाही म्हणे. सांगितले, दहाच्या आत पोहोचते, तू हात मोकळा ठेव. हसली.

८.५०
हुस्स आता फार मोठा येतो. आवाज येतो त्या अर्थी झाकणाला फट आहे. मुळाशीच हात घातला पाहिजे. उरलेल्या नळीने झाकणाच्या कडेने सीलंट फिरवले. वाळायला पंचवीस मिनिटे. हे रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहत होते. पटले असावे.

९.४५
इंजिन बंद. अजून पस्तीस किलोमीटर. झाकण फिरत नाही. चिकटले आहे. मी जोर लावला, ह्यांनी लावला, एका ट्रकवाल्याने लावला. सीलंट चांगल्या प्रतीचे आहे, एवढे मात्र सिद्ध झाले.

ह्यांनी मला न विचारता मेहुण्यांना फोन केला. मेहुणे हॉस्पिटलातून निघाले आहेत. मी म्हटले, त्यांना कशाला बोलावले? हे म्हणाले, "मग कुणाला बोलावू?"

दुपारी १
हॉस्पिटल. खोली क्रमांक ६.

मेहुणे साडेदहाला आले. अर्धा तास खपून चाकूने कड कापली, झाकण उघडले, टाचणीने झाकणातले भोक मोकळे केले. म्हणाले, "आत हवाच गेली नाही तर डिझेल पुढे येणार कसं, ताई?" कुणी बुजवले असे विचारले. मी म्हटले, आधीच्या मालकाने. ह्यांनी शब्दकोड्यात डोके घातले. मेहुणे हसले नाहीत. हसले असते तर बरे झाले असते.

त्यानंतर गाडी एकदाही थांबली नाही.

बारा वाजून पाच मिनिटांनी पोहोचलो. धाकटीला बाहेर आणून झोपवले होते, डोळ्यावर पट्टी. वेळेवर आत नेले. मी नव्हते, आणि ज्यांनी असायला हवे होते ते माझ्या झाकणापाशी होते. नर्सने हात धरला म्हणे. नर्स चांगली होती, असे तिने मला दोनदा सांगितले.

मी तिला मिशाळाबद्दल सांगायला लागले. भोके, फिटर, सगळे क्रमाने. तिने पलंगावरून हात उचलला.

"ताई, आलीस ना? मग आता बस. आणि काही दुरुस्त करू नकोस."

बसले. खुर्चीचा एक पाय डुगडुगतो आहे. तसाच राहू दिला.