वाया न गेलेली लुगडी

आई, जाताना तू एकच वाक्य बोललीस आणि तेही धड पूर्ण केलं नाहीस, याचा मला अजून राग येतो. "माझी लुगडी वाया जाऊ देऊ नका," एवढंच. कुणाला द्यायची, त्यांचं काय करायचं, काही नाही. पलंगाच्या एका बाजूला बाबा होते, दुसऱ्या बाजूला मी. आयुष्यभर दूधवाल्यापासून माझ्या शाळेतल्या बाईंपर्यंत प्रत्येकाला तीनतीनदा समजावून सांगणारी तू, आणि नेमकं तिथे तुला आणखी दोन शब्द सुचले नाहीत? "लेकीला द्या" म्हटलं असतंस तर काय बिघडलं असतं? मी ते वाक्य माझ्यासाठी समजले. बाबा काय समजले ते कळायला पुढे कितीतरी वर्षं गेली, आणि अख्ख्या जगाला घरात कोंडणारा एक आजार यावा लागला.

मी माझ्यासाठी समजले त्याला कारण होतं. ओरछा गेटच्या आपल्या गल्लीत जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई आली की सगळ्या भाभी गाठोडी घेऊन दारात बसायच्या. तू मात्र तिला कधी एक चिंधी दिली नाहीस. अंगाला लागलेलं कापड पातेल्यासाठी द्यायचं नसतं, म्हणायचीस. पाचवारी असो की नऊवारी, तुला सगळी लुगडीच. त्यातली धुऊन धुऊन मऊ झालेली तू वेगळी घडी करून ठेवायचीस. जांभळं, पांढऱ्या ठिपक्यांचं. हिरव्या काठाचं. आणि ते पदरावर हळदीचा डाग पडलेलं, ज्याला तू हात पुसलेस, माझं नाक पुसलंस आणि लोणच्याच्या बरणीचं तोंडही पुसलंस. "तुझी गोधडी शिवायची आहे त्यांची," सांगायचीस, "गोधडीला जुनंच लागतं, नवं टोचतं." गोधडी तुझ्या हातून झाली नाही. लुगडी ट्रंकेत राहिली. मीही निवांत राहिले, कारण ती कुठे पळून जाणार होती?

त्या आजाराच्या वर्षी मी पाडव्याला म्हणून ग्वाल्हेरहून आले आणि इथेच अडकले. गुढीला नेसवायला काहीतरी हवं म्हणून बाबांनी ट्रंक ओढून काढली, ती खोलीत तशीच पडून राहिली. मग सगळंच बंद झालं. बाबा सकाळपासून टीव्हीपुढे बसायचे आणि आकडे ऐकायचे. आंघोळ नाही, दाढी नाही. जेवता जेवता ताटावरून उठून कडी लागलीय का बघून यायचे. मी पत्ते काढले, तर आपली उतारी आहे हेच विसरायचे. त्यांना गरम पाणी पाज, गच्चीत चालव, जुन्या गोष्टी विचार, सगळं करून झालं. माणूस डोळ्यांदेखत विझत चालला होता आणि मला भीती वाटायला लागली होती.

आणि एका सकाळी स्वयंपाकघरात मला तुझ्या शिलाई मशीनचा आवाज आला. क्षणभर मला काय वाटलं ते तुला सांगणार नाही. बाहेर येऊन बघते तो बाबा मशीनवर, आणि जमिनीवर ठिपक्यांच्या जांभळ्या लुगड्याचे चौकोन. गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला शिपाई नाकावर रुमाल बांधायचा आणि तो सारखा घसरायचा, ते बघून त्यांना मास्क सुचले होते. कापड आधी पातेल्यात उकळूनही घेतलं होतं. तुझ्याशेजारी बसून काजं-बटणं करता करता ते एवढं शिकले होते, हे मला माहीतच नव्हतं.

"बाबा, ये क्या किया आपने!" राग आला की माझी मराठी पळून जाते.

"अगं, जुनीच घेतलीत," ते म्हणाले. "शालू, पैठणी, चंदेरी, चांगली सगळी तुझ्यासाठी ठेवलीत. हात नाही लावला. तिनेच सांगितलं होतं ना, वाया जाऊ देऊ नका म्हणून."

आई, त्यांनी दाढी केली होती. इतक्या दिवसांनी गुळगुळीत दाढी करून, चष्मा पुसून, धुतलेला सदरा घालून बसले होते. त्या चेहऱ्याला मी काय सांगणार होते? गोधडीचं सांगितलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे मशीन बंद केलं असतं आणि परत टीव्हीपुढे जाऊन बसले असते.  उलट कात्रीला धार नव्हती, तर मी दुसरी शोधून दिली. त्यांच्यावर ओरडता आलं नाही, म्हणून तेव्हापासून मी तुझ्यावर ओरडते आहे.

बाबांनी दारात दोरी बांधली आणि चिमटे लावून मास्क टांगले. ज्याला हवा त्याने घ्यावा. गल्ली खूश. समोरची म्हातारी खिडकीतून ओरडायची, "कक्का जू, एक हमाए लाने सोई बना दो!" म्हणजे तिलाही एक हवा. बाबा मशीन चालवता चालवता गुणगुणायचे. झाडूवाली मला म्हणाली, "दीदी, बहुत मुलायम है, कान भी नहीं दुखते." मुलायम असणारच. इतक्या वर्षांच्या धुण्याने आलेला तो मऊपणा माझा होता, आणि तो दोरीवर फुकट टांगला होता. मी हसून "हां जी" म्हटलं आणि आत येऊन भांडी आपटली.

भाजीला बाहेर पडले तर दूधवाल्याच्या हनुवटीवर तुझे ठिपके, औषधाच्या दुकानात तुझा हिरवा काठ. शिपायाच्या तोंडावर तो हळदीचा डाग. बरोबर नाकाखाली. मी तिथेच उभी राहून त्याच्याकडे बघत राहिले. तो त्या डागामागूनच माझ्यावर खेकसला, "बहनजी, घर जाइए! क्या देख रही हैं?" मला तो मास्क ओढून घ्यावासा वाटला. तुझ्या पदरामागून एक परका माणूस मला घरी जा म्हणत होता, आणि मी गेले.

बाबा अजून हे सगळं येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगतात. चांगलं काम केलं त्यांनी, मला कळतं. कुणीतरी त्या कापडामुळे वाचलंही असेल. पण परवा त्यांनी हट्टाने ट्रंक उघडायला लावली, "आता तरी ने तुझ्या साड्या." शालू पुठ्ठ्यासारखा कडक. पैठणीला डांबराच्या गोळ्यांचा वास. ती तू लग्नाकार्यात जपून जपून, श्वास रोखून नेसलीस. त्यांत तू नाहीसच. ज्यांत होतीस ती वाटून टाकली, आणि जी ठेवली ती माझ्या काय कामाची? घरात भांडायचं तर मराठीत भांड, असा तुझा दम असायचा. शब्द सापडेपर्यंत माझा राग निवायचा आणि तू जिंकायचीस. या वेळी बघ, शब्द अडले नाहीत आणि राग निवलेलाही नाही.

हे पत्र बाबांच्या हाती पडू देणार नाही. वाचलं तर उरलेले दिवस माझी माफी मागत काढतील. शालूच्या घडीत ठेवते, तिथे कुणी हात घालत नाही.

एक मास्क माझ्याकडे आहे. दोरीवरून मीच काढून लपवला होता. जांभळा, ठिपक्यांचा. तो उकळलेला आहे, त्यात तुझा वास नाही, हे मला माहीत आहे. एका मास्कची गोधडी होत नाही, हेही मला माहीत आहे. पण या थंडीत मी तो लावून झोपते. कसली साथ नाही, मला ताप नाही, काही नाही.