पहिला पास

॥ श्री सिद्धनाथ प्रसन्न ॥

मु. पो. पलूस,
४ सप्टेंबर २०२४

लालासाहेब यास,
दाजी नाथाजीचा नमस्कार. वि. वि.

परवा फोनवर आपली जुंपली आणि तुझ्या बहिणीनं फोनच काढून घेतला. इथून पुढं दोघांनी तोंड बंद ठेवावं, काय असेल ते लिहावं, असा दीपमालाचा हुकूम आहे. म्हणून हा कागद.

शिवांजलीला वाईला ठेवली ती तू तिचा सख्खा मामा आहेस म्हणून, आणि शाळेत बास्केटबॉल शिकवतोस म्हणून. गेल्या वर्षी पोरगी सामन्याला वीस-बावीस गुण करायची. आता जिल्ह्याच्या सामन्यात चार. तुझ्या ओवीचे अठरा. बोर्डाखाली कोपरं खाऊन चेंडू काढायचा माझ्या लेकीनं, आणि पुढं मोकळ्या मैदानात जाऊन बास्केट टाकायची तुझ्या लेकीनं. याला तू फास्ट ब्रेक म्हणतोस. आमच्याकडं याला दुसरं नाव आहे, ते लिहीत नाही.

सतरा वर्षांखालच्या गटात तिचं हे शेवटचं वर्ष. २० ऑक्टोबरला सांगलीत विभागाचा सामना आहे. तोवर तिला पुढं खेळव, नाहीतर सांगलीतूनच घरी घेऊन येतो. इथल्या शाळेत कोर्ट नाही, ठाऊक आहे. खेळ सुटला तर सुटला.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायची घाई नाही.
नाथाजी


वाई,
१२ सप्टेंबर २०२४

ती. दाजी यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. आक्काला सांगा, फोन काढून घेतला ते बरं केलं.

पलटणीत तुम्ही व्हॉलीबॉल खेळलात, म्हणून बास्केटबॉल कळतो असं होत नाही. समोरच्यांचा नेम चुकला की चेंडू बोर्डावरून उसळतो. तो दोन्ही हातांनी काढायचा, हवेतच वळायचं, आणि पाय टेकतात न टेकतात तोच कडेनं सुटलेल्या ओवीच्या पुढ्यात फेकायचा. चार सेकंदांत बास्केट होते. समोरच्या पोरी तोवर वळलेल्याही नसतात. हा पहिला पास सबंध जिल्ह्यात एकट्या शिवांजलीला जमतो. ओवी नुसती पळते. पळणाऱ्या मला दहा मिळतील. या पासला स्कोअरशीटवर रकाना नाही, त्याला मी काय करू?

स्वतःच्या मुलीची तळी उचलतो असं पुन्हा लिहू नका. आक्काचा नवरा म्हणून एकदा गिळलं.

आणि एक. आठ दिवस झाले, शिवांजली सरावात चेंडू सोडत नाही. काढते आणि स्वतःच टप्पे मारत पुढं जाते. तेवढ्यात समोरच्या पाचही जणी येऊन उभ्या राहतात आणि सगळा वेग मरतो. ओरडलो तर मान खाली घालते. मामीनं जवळ घेऊन विचारलं तर म्हणते, मला न्हाई सांगता येत. तुम्ही तिच्या कानात काय भरलंय?

तुमचा लोभ नसला तरी चालेल, उत्तर पाहिजे.
लालासाहेब


पलूस,
३० सप्टेंबर २०२४

लालासाहेब यास,
नमस्कार.

सांगायला मी बांधील नाही, तरी सांगतो. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी सिद्धनाथाला नवस बोललो. सांगलीला लेकीच्या हातून वीस गुण होऊ देत, गावजेवण घालतो. शिवांजलीला तसं सांगितलं आणि मामाला कळू द्यायचं नाही अशी शपथ घातली.

गावात चुलतभावांच्या पोरांची नावं दर जत्रेत माईकवरून पुकारतात. कुणी कुस्ती मारलेली, कुणी भरती झालेला. माझ्या घरचं नाव एकदा निघावं असं वाटलं तर त्यात पाप नाही. देवापुढं बोललेलं माघारी घेता येत नाही. तुम्ही कृष्णेच्या घाटावर देवळांशेजारी राहता, रोज घंटा ऐकून तुमचे कान मेलेत, तुला हे कळायचं नाही.

मोठ्यांशी लिहिताना जरा रीत सांभाळ.
नाथाजी


वाई,
८ ऑक्टोबर २०२४

दाजी यांस,
नमस्कार, रीत म्हणून.

बोलायचाच होता तर संघ जिंकू दे असा नवस का नाही बोललात? देवाला ते जड गेलं असतं का? तुम्ही देवाकडं मागितला तो आकडा, आणि तो दिलात सोळा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर. काल सोमवार. निर्जळ उपास धरून सरावाला आली आणि कोर्टवरच मटकन बसली. ओवी दर वेळी जीव तोडून पळते, हात वर करून उभी राहते, चेंडू येत नाही. दोघी एका खोलीत राहतात आणि चार दिवस एकमेकींशी बोललेल्या नाहीत.

तिला बसवून ठेवलं तर संघच उरत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. एक फोन करा. तिला मोकळी करा. मी हात जोडतो, आणि जोडताना मनात काय बोलतो ते विचारू नका.

आपला म्हणायची इच्छा नसलेला,
लालासाहेब


पलूस,
२४ ऑक्टोबर २०२४

लालासाहेब यास,
अनेक नमस्कार. वि. वि.

फोन मी केला नाही. सांगलीत मला वरच्या पायरीवर बसलेला पाहूनही तू ओळख दिली नाहीस, ते बरोबर केलंस.

वीस गुण झाले. मी बोटांवर मोजत होतो. विसावा गुण झाला तेव्हा तिनं वर पाहिलं आणि मी हात जोडले. तेव्हा तुमचा संघ एका गुणानं मागं होता आणि काही सेकंदच उरले होते. समोरच्या मुलीचा नेम चुकला. शिवांजलीनं चेंडू काढला, हवेत वळली, आणि तू लिहिलं होतंस तसा फेकला. आता ती मोकळी होती ना. इतकी चांगली गोष्ट मी पलटणीतसुद्धा पाहिली नव्हती.

पण पुढं ओवी नव्हती. सबंध सामन्यात ती बारा वेळा पळाली आणि बारा वेळा रिकामी परत आली. तेराव्या वेळी ती मध्येच थांबली होती. चेंडू कुणाचा हात न लागता रेषेबाहेर गेला आणि सामनाही गेला. ओवीचा यात दोष नाही, हे सांगायला मी खाली आलो, तर तू पाठ फिरवलीस.

तू तिला पुढं खेळवली नव्हतीस, म्हणून ठरल्याप्रमाणं तिला घरी आणली. गाडी भिलवडीला आली. मग तिनं विचारलं, आप्पा, आता देवाचं काय राहिलं न्हाई ना? मी म्हणालो, नाही. तेव्हा तिनं ओवीला फोन लावला. ओवीनं उचलला नाही.

परवा गावजेवण घातलं. बोललो होतो, फेडलं. माईकवरून तिचं नाव दोनदा पुकारलं. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही, वाढपाची भांडी घासत बसली. दीपमालानं मला सगळ्यांदेखत विचारलं, झालं का समाधान? नंतर मी देवळात जाऊन आलो. तिच्या नावानं आता काही मागणार नाही, एवढं सांगून आलो.

तुझी पत्रं मी विसरणार नाही. दाजीला असं कुणी लिहीत नाही. पण उद्याच्या सकाळच्या गाडीनं शिवांजलीला परत पाठवतोय. मी सोबत येत नाही. पुढल्या वर्षी मोठ्या गटात तिला घ्यायचं की नाही, ते तिला विचार आणि तू ठरव.

तिनं मला काही सांगितलेलं नाही. पण साताऱ्यात गाडी बदलून वाईला किती वाजता पोचते, ते तिनं आज तीनदा विचारलं. सव्वा वाजता पोचते. ओवीला सांगून बघ.

लोभ तिच्यावर असू दे.
नाथाजी