एका वाटीतले चमचे

हिदार ३

अदीसच्या मुख्य कचेरीतून योनाससाहेबांचा निरोप. "सर्वसमावेशक कार्यस्थळ"! ज्यांना आजवर आपल्याकडे जागा मिळाली नाही अशा कुणाला तरी यंदा प्रत्येक विभागाने घ्यायचं, आणि ते माणूस टिकावं म्हणून काय करणार त्याचं धोरण लिहून पाठवायचं. धोरण! आमचा विभाग म्हणजे एक खोली, एक गोल टेबल, भाजायचं एक यंत्र आणि चार जिभा — आमचे म्हातारे गाशे वोदाजो, तारिकू, बेद्रिया आणि मी. बोंगा गावाच्या आसपासची सगळी कॉफी या टेबलावरून पुढे जाते. भुरका मारायचा, थुंकायचं, गुण द्यायचे. यात धोरण कुठे बसवू?

तरी मनातून आनंद झाला, खोटं कशाला बोलू! निवडणीच्या शेडमधली अमारेच कधीपासून माझ्या डोळ्यांत भरली आहे. मला इत्ये म्हणते, ताईसारखं. ओंजळभर दाणे नाकाशी धरते आणि सांगते, "इत्ये, हे चुलीपाशी वाळवलंय." बऱ्याचदा बरोबर असतं. चुकते तेव्हा साफ चुकते आणि स्वतःच खो खो हसते. मला अशी माणसं आवडतात.

ती मांजो आहे, ज्यांच्या हातचं आमच्याकडे कुणी खात-पीत नाही त्यांच्यातली. आत्ताच लिहून ठेवते, कारण उद्यापासून सगळे हेच बोलतील.

हिदार ५

गाशेंना विचारलं. टेबलाचे वडीलधारे तेच, त्यांच्या होकाराशिवाय काही नाही. भीतभीतच म्हटलं, "गाशे, मुलगी मांजो आहे."

"नाक आहे ना तिला?"

"आहे."

"मग बसव माझ्या शेजारी."

इतकंच! मी पहिल्यांदा या खोलीत आले तो दिवस आठवला. बाईच्या केसांत लोणी असतं, त्या वासाने टेबल नासेल, असा पुरुषांचा ओरडा. गाशे उठले, सगळ्यांदेखत माझं डोकं हुंगलं आणि म्हणाले, "तुमच्या मोज्यांपेक्षा बरं आहे." तेव्हापासून मी इथे. बापाने केलं नसतं तेवढं या माणसाने माझ्यासाठी केलं आहे.

हिदार ८

अमारेचचा पहिला दिवस! नवा माणूस नेहमी गाशेंच्या डाव्या हाताला बसतो. दोघांनी एकाच वाटीवर वाकायचं, कॉफीच्या भुग्याची वर जमलेली साय चमच्याने एकदम फोडायची, वाफ नाकात घ्यायची. मीही अशीच शिकले.

बिचारी भेदरली होती. एक वाटी फोडली आणि तिने नाक एवढं वाकडं केलं! गाशे शांतपणे म्हणाले, "छान आहे. फुलांचा वास." ती त्यांच्याकडे बघतच राहिली, मग मान खाली घातली. वाटी माझ्यापर्यंत आली — रॉकेल! पोतं कुणीतरी कॅनशेजारी ठेवलेलं. तारिकू खोकत सुटला. गाशे हसून म्हणाले, "नवीन पोर घाबरते की खरं बोलते, ते बघत होतो." म्हातारा वस्ताद आहे!

हिदार ९

काय लिहू! वाट्या मांडल्या, पाणी ओतलं, अमारेच चमचा घेऊन उभी. गाशे जागचे उठले. म्हणाले, "मी हिच्या वाटीत चमचा घालणार नाही." आणि खिडकीपाशी जाऊन बसले.

कुणी काही विचारलं नाही. विचारायचं काय? आम्हा सगळ्यांना कारण ठाऊक होतं. अमारेचने चमचा फडक्याने पुसला, खाली ठेवला. रडली नाही. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

हिदार १०

परवा बसले, काल नाही — असं कसं? तारिकू म्हणतो, "झेनेबू मावशींनी घरी कान भरले असणार. मांजोच्या वाटीतलं तोंडात घातलंस, आता माझ्या चुलीपाशी येऊ नकोस, असं." असेल. बायकोपुढे मोठमोठ्यांचं चालत नाही. पण गाशे? माझे गाशे?

हिदार १२

युक्ती सापडली! प्रत्येकाची वाटी वेगळी. बाजारातून रंगीत वाट्या आणल्या, प्रत्येकीवर नाव घातलं. बेद्रियाची हिरवी, तारिकूची लाल, गाशेंची निळी, अमारेचची पिवळी. कुणी कुणाच्या वाटीत जायलाच नको! गाशे परत टेबलाशी आले. योनाससाहेबांना फोटो पाठवला. उत्तर — "अतिशय सुंदर पाऊल!" दिवसभर मी स्वतःवर खूश.

हिदार १६

काल गेन्नाचे, म्हणजे नाताळचे, उपास सुरू झाले. गाशेंनी दर वर्षीप्रमाणे पाद्रीबाबांना विचारून घेतलं — दुपारपर्यंत पाणीही नाही, पण कॉफी चाखून थुंकली तर उपास मोडत नाही. "पोटात जात नाही ना, मग लागत नाही," असं बाबांनी म्हणे यंदाही सांगितलं. बेद्रिया दर वर्षी चिडवते, "गाशे, एखादा थेंब तरी जातच असेल!" ते दर वर्षी खवळतात. ऐकून बरं वाटलं. घरातलं भांडण मिटल्यासारखं.

दुपारी अमारेच वाट्या धूत होती. मी विचारलं, "आवडली का गं पिवळी?"

"चांगली आहे की इत्ये. गावात आम्हाला कॉफी द्यायचे ना, तेव्हाही आमचा कप वेगळाच असायचा. कुडाला खोचलेला. आईला तर पानावर वाढायचे." मग हसली. "त्या कपावर नाव नव्हतं एवढंच."

ती सहज बोलली. माझ्या कानशिलात बसली. मी, अस्काले, धोरण लिहिणारी! कुडातला कप उचलून टेबलावर आणला, त्याला रंग दिला, आणि वर साहेबांची शाबासकी घेतली.

हिदार २१

रंगीत वाट्या अंगाशी आल्या. एकाच पोत्याचे प्रत्येकाचे गुण वेगळे! एका वाटीत आंबलेला दाणा पडतो, दुसरीत नाही — मग जुळणार कसे? म्हणून तर सगळ्यांनी एकाच वाटीतून चाखायचं असतं. हे मी पोरांना शिकवते आणि मीच विसरले. गाशेंचे गुण तर भलतेच. करपलेल्या वाटीला त्यांनी सगळ्यात वर चढवलं. त्यांच्या वाटीत बहुतेक दुसरेच दाणे पडले. खरेदीदाराचा ट्रक फाटकात उभा, ड्रायव्हर शिव्या देतोय. सगळं पुन्हा भाजलं, पुन्हा चाखलं.

वाट्या घरी आणल्या. आता त्यांत मिरच्या ठेवते.

हिदार २४

आज बोलले. गाशेंशी, आयुष्यात पहिल्यांदा, आवाज चढवून.

पुन्हा जुन्या वाट्या मांडल्या होत्या. गाशे पुन्हा उठले. माझा तोल गेला. "गाशे, पोटात गेलं नाही तर उपास मोडत नाही, हे तुमचंच ना? मग हिच्या वाटीतलंही तुम्ही थुंकूनच टाकता. बाटतं काय? चमचा?"

बेद्रियानेही तोंड घातलं. "सणाला माझ्या मुसलमान घरचं मटण तुम्ही खात नाही, तुमच्या ख्रिस्ती घरचं मी खात नाही. पण इतकी वर्षं या टेबलावर तुमचा चमचा आणि माझा चमचा एकाच वाटीत, गाशे. तेव्हा नाही तुम्ही उठलात!"

गाशेंचा चेहरा असा झाला की माझा राग जागीच विरला. मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी नुसता चमचा खिशात घातला, काठी घेतली, गेले.

आणि अमारेच माझ्यावरच चिडली! "त्यांना असं बोलायचं नव्हतं, इत्ये."

"अगं, तुझ्यासाठी बोलले!"

"माझ्यासाठी नका बोलू मग."

हिदार २७

गाशे आले नाहीत. पाठ दुखते असा निरोप. पाठ!

ताहसास २

योनाससाहेबांचं पत्र. शिकाऊ माणसाने वडीलधाऱ्या चाखणाऱ्याबरोबर हंगाम पुरा केला आणि त्यांनी मान्यता दिली तरच ते कायम. गाशे टेबलावर नाहीत म्हणजे मान्यता नाही. "गेन्नापर्यंत मेळ बसला नाही तर तिला निवडणीत परत पाठवावे. समावेशाची घाई नको." घाई नको, म्हणे!

माझी मान्यता चालेल का, असं उलट टपाली विचारलं. नाही चालणार.

ताहसास ३

अमारेचला पत्र वाचून दाखवलं. लपवून काय उपयोग? ती खिडकीतून शेडकडे बघत होती. तिकडे बायका गाणं म्हणत निवडत होत्या.

"तिकडे गप्पा तरी असतात," ती म्हणाली. मग हळूच, "पण इत्ये, नाव द्यायला मला आवडायला लागलं होतं. आधी नुसता वास यायचा. इथे येऊन कळलं की त्या वासाला मोसंबं म्हणायचं, त्याला मध म्हणायचं. गाशेंनीच सांगितलं पहिल्या दिवशी."

मी म्हटलं, "आणि दुसऱ्या दिवशी तुझं तोंड बघेनात! इतकी कशी गं तू मऊ? एकदा तरी शिवी घाल त्या म्हाताऱ्याला!"

"शिव्या मला पुष्कळ येतात, इत्ये. ज्यांना घालायच्या त्यांना घालते." आणि उठून वाट्या पुसायला लागली. या पोरीचं मला काही कळत नाही. पण तिला परत शेडमध्ये पाठवायच्या विचाराने मला जेवण गेलं नाही.

ताहसास १२

शेवटी गाशेंच्या घरी गेले. मानापमान ठेवला बाजूला. झेनेबू मावशी मला बघून इतकी खूश! अंगणात गवत पसरलं, कॉफी भाजायला बसली. तिला बाजूला घेऊन खडसावणार होते — कान का भरलेस? पण तिला कशाचा पत्ताच नाही! "मांजो मुलगी? मग काय झालं? माझ्या दाईचा हात मांजोचाच होता."

गाशे ओट्यावर बसलेले. केवढे म्हातारे दिसले! चुलीवर कांदा करपला, सगळा धूर त्यांच्या अंगावर, पण माणूस हलला नाही. मावशी धावत आली आणि करवादली, "बघ, असे बसतात! पूर्वी कांदा लाल झाला की फाटकातून ओरडायचे. आता काहीही वाढा, मुकाट खातात. म्हातारपणी सुधारले!" मला मात्र भडभडून आलं. माझ्याच बोलण्याने झालं हे. दुःखात माणसाला धूरही कळत नाही.

एका बैठकीत तीनदा कॉफी देतात, ती तिन्ही झाली तरी विषय निघेना. शेवटी मीच म्हटलं, "मी चुकले असेन गाशे, पण पोरीने तुमचं काही वाकडं केलं नाही. उलट माझ्याशी भांडली, तुम्हाला का बोललात म्हणून."

त्यांनी मान वर केली. "भांडली?"

"हो."

"आणखी काय म्हणाली?"

"काही नाही."

"काहीच नाही? माझ्याबद्दल? कुणालाच?"

"नाही हो. गेन्नानंतर ती निवडणीत परत जाणार. तेही मुकाट्याने."

रिकामा कप हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "अंधार पडायच्या आत नीघ, अस्काले. रस्त्यात चिखल आहे." माझ्या डोक्यावर हात ठेवला. पूर्वी ठेवायचे तसाच. पण पोरीचं काय, ते बोललेच नाहीत. येताना चिखलातून रडत आले.

ताहसास १४

धोरणाचा कागद अजून कोरा. अमारेचने आपला एप्रन धुऊन, घडी घालून माझ्या टेबलावर ठेवला. मी तो परत खुंटीला लावला.

ताहसास १५

गाशे आले! वाट्या मांडलेल्या होत्या. खिशातून चमचा काढला, अमारेचच्या शेजारी उभे राहिले आणि तिच्याच वाटीत घातला. वाफेवर वाकले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय आहे यात, पोरी? तू सांग. पावसाळ्यात मला ताप आला, तेव्हापासून वासच येत नाही."

कुणाचा चमचा हलेना.

"तुम्ही आधी बोलायचात, मग मी मान डोलवायचो. ही शेजारी आली आणि पहिल्याच दिवशी हिने ओळखलं. पळायला मला एक कारण हवं होतं. मांजो म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही." ते अमारेचकडे वळले. "हिने एक शब्द उच्चारला असता तर जागा हिची होती आणि मी घरी. हिने तो उच्चारला नाही."

अमारेचने त्यांच्या शेजारी वाकून भुरका मारला. म्हणाली, "आधी मध, गाशे. मागून काहीतरी आंबट, त्याचं नाव मला येत नाही."

"जिभेच्या कडेला की टाळ्याला?"

"कडेला."

"मग कच्ची जांभळं. लिही, अस्काले."

मी लिहिलं. त्या दिवशी ते उठले तेव्हा आम्ही सगळेच तिथे होतो, आणि का उठलात, एवढं आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं.